डावीकडे बसणाऱ्याचं काम

शिरूर
रविवार, १९ जानेवारी १९५८

प्रिय बाबांना राहेलचा सलाम.

दोन वर्षांत मी तुम्हाला अकरा पत्रं लिहिली आणि तुम्ही एकाचंही उत्तर दिलं नाहीत. हे बारावं. यात तब्येतीची चौकशी नाही, नाताळच्या शुभेच्छा नाहीत, त्यामुळे हे तरी शेवटपर्यंत ऐकाल अशी आशा आहे. हे पत्र दुर्कसविषयी आहे, आपल्या मिशनच्या दवाखान्याच्या गाडीविषयी.

(मेरी वहिनी, बाबांना आता अक्षर लागत नाही आणि हेन्रीदादाला दौंडच्या लोको शेडमधून सवड नाही, म्हणजे वाचून दाखवणाऱ्या तुम्हीच. तेव्हा कंसातलं असेल ते फक्त तुमच्यासाठी. ते मनातल्या मनात वाचा, बाकीचं मोठ्याने.)

बाबा, दुर्कसचं इंजिन बदललं. जुनं नोव्हेंबरात गेलं. कसं गेलं ते पुढे कधीतरी लिहीन. पुण्याच्या एका भंगारवाल्याकडे लष्करी लिलावातली जीप होती, तिचं इंजिन चांगलं निघालं. ते ट्रकमधून आणलं. आवारातल्या चिंचेखाली वासे उभे करून, विहिरीची कप्पी आणि चर्चच्या घंटेचा दोर लावून जुनं वर काढलं आणि नवं खाली सोडलं. योसेफ मास्तर मिशनच्या कमिटीचे सेक्रेटरी म्हणून दोराला आडवे आले, पण तोवर इंजिन हवेत होतं. त्या रविवारी घंटा वाजली नाही. दवाखान्याच्या दयाबाईने तिथलं तसराळं वाजवलं आणि लोक नेहमीपेक्षा लवकर आले.

सगळं तुमच्या नियमांनी केलं. पहिला नियम, काढलं तिथंच लाव. इंजिन जीपमधून उतरवायच्या आधीच मी प्रत्येक तारेला खूण केली. आम्ही बाळाच्या नाळेला बांधतो तो पांढरा नाडा घेतला, त्यावर शाईने आकडे घातले, आणि इकडे त्याच आकड्यांनी तारा परत लावल्या. एकही चुकली नाही. दुसरा नियम, लाल तार अंगाला. बॅटरीच्या पेटीवर तुम्ही रंगाने लिहिलेलं अजून शाबूत आहे. त्याप्रमाणे बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब गाडीच्या अंगाला, म्हणजे सांगाड्याला. तिसरा नियम इंजिनाचा नाही, डावीकडे बसणाऱ्याचा. झोपायचं नाही, दिसेल ते सांगायचं. मी दहा वर्षांची असल्यापासून तो पाळला. डावीकडे आता दयाबाई बसते. ती झोपते.

डावीकडचं दार अजूनही आतून उघडत नाही. गाव आलं की मी फिरून जाते आणि तिला उतरवते. अठरा वर्षं तुम्ही गाडी चालवलीत, सगळं दुरुस्त केलंत, तेवढं दार राहिलं. तुम्ही त्या बाजूला कधी बसलाच नाहीत.

आता दुखणं ऐका. गाडी एका हँडलात सुरू होते. उभ्या उभ्या शिवणाच्या मशीनसारखी चालते. रिकामी असली, सपाटी असली, तर नगर रस्त्याला तक्रार नाही. पण औषधांची पेटी आणि माणसं बसली आणि चढ लागला की मिसिंग मारते, झटके देते, आणि मी पाय दाबला की आणखीच जीव सोडते. तापल्यावर जास्त.

कमिटीने ठरवून टाकलं आहे. शनिवार १५ मार्चला योसेफ मास्तर स्वतः मागे बसणार. भरलेली गाडी कवठे येमाईच्या वाटेवरचा चढ कोणी न ढकलता चढली, तर मंगळवारची मांडवगण फराट्याची आणि शुक्रवारची कवठ्याची फेरी चालू राहील. नाही तर दुर्कस मच्छिंद्रला विकणार. त्याला ती लग्नाच्या वरातींसाठी हवी आहे. मग तिकडच्या बायकांनी बैलगाडीतून शिरूरला यायचं, नववा महिना लागलेल्यांनीसुद्धा. मी हे होऊ देणार नाही. पण मला दुखणं सापडत नाही, हेही खरं आहे.

एक ओळ सांगा. वहिनी लिहितील. कुठे बघू?

तुमची राहेल


शिरूर
रविवार, २ फेब्रुवारी १९५८

प्रिय बाबांना सलाम.

उत्तर आलं नाही. ठीक आहे. मी काय काय केलं ते सांगत जाते, तुम्ही मनात चुका काढत जा.

आधी पेट्रोल. टाकीपासून पंपापर्यंतची नळी फुंकली, पंपातून बाटलीत धार धरली, धार चांगली येते. कार्बोरेटर तीनदा उघडला. त्याची भोकं इंजेक्शनच्या सुईने साफ केली आणि दर वेळी आत काही नव्हतं. मग टायमिंग, ठिणगी वेळेवर पडते की नाही ते. पॉइंटमध्ये धरायला पातळ कागद हवा म्हणून घोडनदीच्या बाजारात पानवाल्याकडे सिगारेटचे कागद मागितले. मिशनची नर्स सिगारेटचे कागद घेऊन गेली ही बातमी माझ्या आधी आवारात पोचली. टायमिंग बरोबर निघालं. माझ्या अब्रूचं काय ते योसेफ मास्तर बघतील.

मंगळवारी मांडवगणला ती ओढ्याच्या चढावर बसली. मी उतरले, इंजिनाचं झाकण उघडलं, प्लगच्या तारा दाबून पाहिल्या. दयाबाई आतूनच म्हणाली, "आगं राहेल, ही बया माज्यासारकी झालीया. सपाटीला चालती, चढाला बसती. तिला वाईच बसू दे." तेवढ्यात हौसराव शेतातून आले. त्यांनी गाडीला एक फेरा मारला आणि मला विचारलं, "नर्सबाई, आज गाडीच औषिद घ्यायला आलीया व्हय?" मी म्हटलं, तुमच्या बैलांचं औषध चालेल. त्यांनी नांगर सोडून बैल आणले, दोर बांधला आणि दुर्कसला वर ओढून नेलं. सगळं गाव बघायला.

डावीकडचा बैल एकशिंगी होता. दोन वर्षांपूर्वी ज्याचं शिंग दुर्कसच्या दिव्यावर मोडलं तोच. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. हौसराव त्या शिंगाविषयी आजवर एक शब्द बोलले नाहीत, मंगळवारीही नाहीत. त्यांनी कमिटीकडे तक्रार केली नव्हती, हे तुम्हाला ठाऊक आहे. बैलच मध्ये आला, असं तुमचं म्हणणं. असो.

जुन्या इंजिनाचं सांगायचं राहिलं. आता सांगते. ते आपणहून गेलं नाही, मी घालवलं. कवठ्याला जाताना रेडिएटरची रबरी नळी फुटली. पाणी सगळं रस्त्यावर. थांबून बांधायला हवी होती. पण पुढे नकुशी अडली होती, तिच्या नवऱ्याचा निरोप सकाळीच आलेला, आणि तीन मैल राहिले होते. मी तशीच हाकली. दोन मैलांनंतर वास यायला लागला, शेवटचा एक मैल ती किंचाळत गेली, आणि नकुशीच्या दारात जी थांबली ती कायमची. नकुशी आणि मुलगी दोघी सुखरूप आहेत. तुम्ही असता तर नळी बांधली असतीत. मला अजूनही वाटतं, मी थांबले असते तर उशीर झाला असता. पण इंजिन अठरा वर्षं तुम्ही सांभाळलं होतं आणि मी ते एका मैलात संपवलं, याचं मला फार वाईट वाटतं.

तुमची राहेल

(वहिनी, त्यांनी दुधात पाव बुडवून खाल्ला की मिशीला लागतो, तेवढं बघत जा. त्यांना दिसत नाही आणि ते कोणाला सांगणार नाहीत.)


शिरूर
रविवार, १६ फेब्रुवारी १९५८

बाबा,

सलाम राहू दे. मी चिडलेली आहे.

या आठवड्यात प्लगची फट कमी करून पाहिली. फट मोजायची पत्र्याची पाती अर्ध्या जाडीची घेतली. काय झालं माहीत आहे? बरी चालली! मांडवगणचा ओढा धापा टाकत का होईना, चढली. दयाबाई उठून बसली. मी दिवसभर गाणी म्हणत होते. शुक्रवारी पूर्ण भरून कवठ्याचा चढ घेतला आणि निम्म्यावर पुन्हा तेच, झटके आणि धूर. दगड लावून उभी केली, माणसं उतरवली आणि रिकामी वर नेली.

मग वाटलं, ठिणगीला जोर देणारी कॉइलच अशक्त असेल. एका ट्रकवाल्याकडून चालू असलेली कॉइल दोन दिवसांसाठी मागून आणली, पहिली काढली त्याच तारांवर ही बसवली. काही फरक नाही. त्याच्या ट्रकवर ती ठणठणीत, दुर्कसवर आजारी. आता मला वाटायला लागलं आहे की दुखणं इंजिनात नाहीच. तुम्ही जाताना तिला काहीतरी सांगून गेला आहात.

योसेफ मास्तर काल येऊन उभे राहिले. म्हणाले, "राहेलबाई, हट्ट सोडा. परमेश्वराची इच्छा नसेल." मी म्हटलं, परमेश्वराला पेट्रोल पंप आणि कार्बोरेटर दोन्ही कळतात, त्याने मला अजून नाही म्हटलेलं नाही. ते गेले. मागोमाग मच्छिंद्र आला. त्याने दोरी काढून दुर्कसची लांबी मोजली. कशाला, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "झेंडूच्या माळंचं माप घितुया, बाई. घाई न्हाई, पंधरा तारखंपत्तर हाय की येळ." मी त्याच्या हातातली दोरी घेतली आणि त्याच दोरीने गाडीचं झाकण बांधलं.

आणि तुम्ही दौंडला बसून गाड्यांच्या शिट्ट्या ऐकता आहात. तुम्हाला यातलं सगळं कळतंय, हे मला ठाऊक आहे. माझं पत्र ऐकताना तुमची बोटं गुडघ्यावर चालत असतील, हेही मला ठाऊक आहे. तुम्ही गेलात त्या दिवशी फाटकाशी म्हणालात, "माझ्या जागेवर बसायला तुला लाज वाटली नाही." गाडी चालवता येणारं आवारात दुसरं कोणी नव्हतं, एवढंच मी नंतरच्या अकरा पत्रांत लिहीत राहिले. ते खरं आहे. पण पूर्ण खरं नाही.

मला एवढंच सांगा, कुठे बघू? माझ्यावर रागवा, पण दुर्कसवर कशाला?

राहेल


शिरूर
मंगळवार, २५ फेब्रुवारी १९५८

प्रिय बाबा,

हे पत्र कंसात नाही. वहिनी, सगळं मोठ्याने वाचा, थांबू नका.

कमिटीला तुमच्या डोळ्यांविषयी पत्र योसेफ मास्तरांनी लिहिलं असं तुम्ही समजता. तुम्ही त्यांच्या तोंडावर तसं म्हणालात, आणि ते गप्प राहिले. त्यांनी ते पत्र लिहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं. ते गप्प राहिले कारण मी त्यांना तशी विनंती केली होती. दोन वर्षं ते बिचारे तुमच्या शिव्या माझ्यासाठी खात आहेत, आणि मी त्यांच्या अंगावर खेकसते.

त्या दिवशी मांडवगणला मी डावीकडे बसले होते. हौसरावांचा बैल मध्ये आला नाही. तो रस्त्याच्या कडेला उभा होता, आधीपासून, लांबून दिसत होता. मला दिसत होता. मला वाटलं तुम्हालाही दिसतोय, म्हणून मी बोलले नाही. शेवटी ओरडले तेव्हा उशीर झाला होता. मग मला आठवायला लागलं, त्याआधीचे सहा महिने तुम्ही मला रस्त्यात विचारत होतात, "राहेल, पुढं काय हाय गं?" मला वाटायचं तुम्ही मला गाडी शिकवता आहात.

तुमचा नियम होता, दिसेल ते सांगायचं. मी सांगितलं. पण चुकीच्या माणसांना सांगितलं. ते तुम्हाला सांगायला हवं होतं, तिथेच, गाडीत, इंजिन बंद करून. माझी हिंमत झाली नाही. तुम्ही रागवाल याची भीती नव्हती. तुम्ही गप्प बसाल याची होती. तर ते तसंही झालंच.

कमिटीने किल्ल्या तुमच्याकडून घेतल्या हे बरोबर झालं, असंच मी म्हणेन. आजही. पुढच्या वेळी कडेला बैल नसता, माणूस असता. पण ज्या रीतीने घेतल्या ती रीत वाईट होती, आणि ती माझी होती. मी तुमची माफी मागते.

आता याचं उत्तर द्या किंवा नका देऊ. १५ मार्चला मी चढ चढणार. दुखणं सापडलं तर इंजिनाने, नाही सापडलं तर पेटी डोक्यावर घेऊन. फेरी बंद होणार नाही.

तुमची राहेल


शिरूर
बुधवार, ५ मार्च १९५८

प्रिय बाबांना फार फार सलाम.

तुमचं कार्ड परवा आलं. पोस्टमनने ते माझ्या हातात ठेवलं तेव्हा मी एका बाईचा दात पाहत होते. तिला म्हटलं, तोंड उघडं ठेव, आणि वाचून संपेपर्यंत बिचारी तशीच बसली.

दोन वर्षांनंतरचं पहिलं पत्र, आणि त्यात ना आशीर्वाद ना शिवी! मी ते इथे पुन्हा उतरवते, म्हणजे वहिनींनी लिहिलं तसं तुम्ही सांगितलं होतं की नाही ते कळेल: "फट कमी केली तर बरी चालली, हे आधी पाहून पहिल्याच पत्रात लिहायचं. ठिणगी अशक्त आहे. दुसरी कॉइल पण त्याच तारांवर लावलीस, म्हणजे काय तपासलंस? जीपचं अंग निगेटिव्ह. दुर्कसचं पॉझिटिव्ह. पेन्सिल घे. प्लगची तार प्लगपासून जरा दूर धर, मधे पेन्सिलीचं टोक. ठिणगी टोकापासून प्लगच्या बाजूला फुलली तर ठीक. तारेच्या बाजूला फुलली तर कॉइल उलटी. तार कोरड्या फडक्याने धर." बस. खाली कडेला, वहिनींच्या बारीक अक्षरात, कंसात: "(राहेल, तुझं ते पत्र ऐकून दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, त्याच्या आधीचं पत्र परत वाच, प्लगचं.)"

वहिनी, कंसाची युक्ती माझी होती. पण तुम्ही ती चांगली वापरलीत.

बाबा, मी त्याच दुपारी दुर्कसला शेडमध्ये घेतलं, दारं लावली, फटींना गोणपाट लावलं, म्हणजे ठिणगी दिसेल. दयाबाईने हँडल मारलं. "एवढ्या वयात इंजिन फिरवतीया, सोर्गात गेल्यावर इचारतील त्वा काय काम केलं, तर काय सांगू?" असं ती म्हणत होती. इंजिन चालू झालं. मी फडक्यात तार धरली, मधे पेन्सिल. याच पेन्सिलीने मी तुम्हाला आत्ता लिहिते आहे. ठिणगी नारिंगी होऊन फुलली, पिसासारखी. तारेच्या बाजूला.

मी दोनदा पाहिलं. मग दयाबाईला बोलावून तिला दाखवलं, तिने पण बोटाने तिकडेच दाखवलं. मग मी इंजिन बंद केलं आणि पायरीवर बसून हसायला लागले. बाबा, तुमचे दोन्ही नियम मी पाळले, म्हणून गाडी बिघडली! जीपवर तारा जिथे होत्या तिथेच लावल्या, नाडे बांधून, आकडे घालून. जीपमध्ये त्या बरोबरच होत्या. आणि लाल तार अंगाला, दुर्कसमध्ये तेही बरोबरच. एकेकटे दोन्ही बरोबर, दोन्ही मिळून कॉइल उलटी. नियम न पाळणारी पोरगी असती तर कदाचित चुकून बरोबर लावली असती. आणि मी ट्रकवाल्याची कॉइल आणली तीही त्याच नाड्यांवर, त्याच आकड्यांवर, मोठ्या इमानाने उलटीच बसवली.

दोन नट. कॉइलवरच्या दोन तारा एकमेकींच्या जागी लावल्या. बाळाला दुपट्यात गुंडाळायला याहून जास्त वेळ लागतो. प्लगची फट पुन्हा पहिल्यासारखी केली. मग पेटी, दयाबाई आणि पाण्याची चार पिंपं मागे घालून पुलाकडचा चढ घेतला. बाबा, तिने ओढलं. झटका नाही, धूर नाही. मी वर जाऊन परत खाली आले आणि पुन्हा चढले. तिसऱ्यांदा दयाबाई म्हणाली, आता उतरव, नाही तर पिंप माझ्या डोक्यावर पडेल.

पण पुलाचा चढ म्हणजे कवठ्याचा चढ नाही. शनिवारी पंधराला काय ते ठरेल.

तुम्ही माझ्या त्या पत्राविषयी काही लिहिलं नाहीत. मी आता मागणारही नाही. कॉइलचं सांगितलंत, तेवढ्याने मी पंधरा तारखेपर्यंत पोचते.

तुमची राहेल


शिरूर
रविवार, १६ मार्च १९५८

प्रिय बाबांना सलाम.

तुमचं दुसरं कार्ड शुक्रवारी संध्याकाळी मिळालं. त्यावर एकच ओळ आहे. मी ती इथे उतरवत नाही, कारण ती तुम्ही मला सांगितली आहे, वहिनींनी एकदा लिहिली आहे, आणि तेवढं पुरे. मी ती वाचली आणि दवाखान्याच्या मागच्या ओट्यावर बसून रडले. मग तोंड धुतलं आणि कार्ड एप्रनच्या खिशात ठेवलं. काल दिवसभर ते तिथेच होतं.

(वहिनी, ते वाक्य सांगताना त्यांचा आवाज कसा होता, हे मला कधीतरी समोर सांगा. पत्रात नको.)

आता कालचं. सकाळी योसेफ मास्तर मागे बसले, मांडीवर औषधांची पेटी. त्यांच्या शेजारी मच्छिंद्र. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, पण आपला माल आपण बघायला हवा म्हणाला. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेली झेंडूची माळ होती, मापाची. वर आणखी दोन पोती. दयाबाई डावीकडे. निघताना मी तिला म्हटलं, आज तरी झोपू नकोस. ती म्हणाली, "तुजा बाप हिथं बसला असता तर मला जागं ऱ्हायाची गरजच न्हवती."

कवठ्याचा चढ तुम्हाला मी काय सांगणार. पहिलं वळण तिने दुसऱ्या गिअरात घेतलं. निम्म्यावर, जिथे दर वेळी झटका बसायचा, तिथे मी पाय आणखी दाबला. काही झालं नाही. ती चढत राहिली. मला वाटलं झालं आता, आणि तेवढ्यात दयाबाई ओरडली, "डावीकडं गाडी! राहेल, डावीकडं!"

झुडपांआडून कडब्याची बैलगाडी उतारावरून सरळ रस्त्यात येत होती. मला ती दिसलीच नसती, माझी नजर पुढच्या वळणावर होती. मी ब्रेक दाबला. दुर्कस थांबली. ऐन चढावर, भरलेली, थांबली. गाडीवान हात वर करून निघून गेला. योसेफ मास्तर मागून म्हणाले, "आता?" त्यांचा आवाज वाईट नव्हता, बाबा. त्यांनाही वर जायचं होतं.

हँडब्रेकवर धरून मी पहिला गिअर टाकला आणि हळूहळू क्लच सोडला. तुम्ही शिकवलं होतं तसं, पाय दुखून ओरडत नाही तोवर घाई नाही. इंजिन खाली दबलं, थरथरलं. एकदाही चुकलं नाही. चाक फिरलं आणि आम्ही वर गेलो. वरती मी इंजिन बंद केलं नाही, तसंच चालू ठेवलं, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल.

योसेफ मास्तर उतरले. दुर्कसच्या झाकणावर हात ठेवून म्हणाले, "फेरी चालू." मग मला बाजूला घेऊन त्यांनी तुमचं विचारलं, "दावीदरावांना आता खरं माहीत आहे ना?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली, जणू फार दिवसांचं ओझं खाली ठेवलं. मी त्यांची माफी मागितली, त्यांनी ती घेतली आणि म्हणाले, पण चर्चच्या घंटेचा दोर तेवढा परत करा.

मच्छिंद्र माळ हातात घेऊन उभा होता. आता तिचं काय करायचं ते त्याला कळेना. शेवटी म्हणाला, "आणलीच हाय तर घालून टाकतो." त्याने ती दुर्कसच्या नाकावर बांधली आणि आम्ही कवठ्यात तसेच वरात काढून गेलो. नकुशी मुलीला घेऊन दारात उभी होती.

आता ऐका, कारण हे मी ठरवलेलं आहे. शनिवार २९ तारखेला मी दौंडला येते. दुसऱ्या दिवशी ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार आहे. तुम्ही शिरूरला यायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांचं मी आत्ता काही बोलत नाही, ते आपण नंतर बोलू, आणि त्या वेळी मी तुमच्याशीच बोलेन, दुसऱ्या कोणाशी नाही. एस.टी.ने आणणार नाही. दुर्कस घेऊन येते, दादाच्या दारापर्यंत.

तुम्हाला डावीकडे बसावं लागेल. त्या बाजूला तुम्ही कधी बसला नाहीत, ठाऊक आहे. झोपायचं नाही, हा नियम तुमचाच. तुम्हाला दिसणार नाही, तर ऐकू येईल ते सांगा. इंजिन कुठे चुकलं, टायर कुठे बोलला, बाजूने काय आलं, सगळं. मी ऐकेन.

डावीकडचं दार आतून उघडत नाही. कालपासून मी ते खोलून बसले आहे, कुलपाची पट्टी झिजली आहे. २९ तारखेपर्यंत दुरुस्त होईल. नाही झालं, तर मी फिरून येऊन उघडीन.

तुमची,
राहेल